वादळात घराचं छप्पर गेलंय, दुबईहून आंजर्ल्याला यायचंय. विलगीकरण कुठे करू?

खाडीपलीकडचा
२४ जून २०२०, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी दुबईत नाइफला राहतो, एसी दुरुस्तीचं काम करतो. एप्रिलपासून कंपनीनं बिनपगारी रजेवर बसवलंय. खोलीत आम्ही सहाजण आहोत. मार्चअखेर कोरोनामुळे हा सगळा भाग बंद केला होता, तेव्हाही तग धरला. म्हटलं, उगाच गावी जाऊन कुणाला धोका नको.

पण ३ जूनच्या निसर्ग वादळानं सगळं बदललं. दापोली तालुक्यात आंजर्ल्याला आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. पुढच्या पडवीची कौलं गेली, मागचे पत्रे उडून वाडीत पडले. सुपारी जवळजवळ सगळी आडवी झाली. घरी आई एकटीच असते, वय ७१, मधुमेह आहे. वडील चार वर्षांपूर्वी गेले. मोठा भाऊ घाटकोपरला आहे, त्यांची चाळ सील झालीय, त्यामुळे तो हलू शकत नाही. आई माजघरात ताडपत्रीखाली झोपते. वीज नाही, मोबाईलचा टॉवर नीट चालत नाही. शेजारचा मुलगा दापोलीला गेला की तिथून मला फोन करून खुशाली कळवतो. आईचा आवाज मी वादळानंतर दोनदाच ऐकलाय.

वंदे भारतसाठी, म्हणजे परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या सरकारी विमानांसाठी, दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलंय. आता विचारायचं ते असं. मुंबईला उतरल्यावर तिथेच हॉटेलात सात दिवस ठेवतात की रत्नागिरी जिल्ह्यात पाठवतात? आईचं वय आणि मधुमेह दाखवून थेट घरी जायची सवलत मिळते का? इथेच टेस्ट करून निगेटिव्ह रिपोर्ट आणला तर उपयोग होईल का? घरात संडास एकच, तोही परसात. मग घरी विलगीकरण करायचं तरी कसं? आणि गावच्या समितीतल्या एकानं भावाला फोनवर सांगितलं म्हणे की 'परदेशातून कुणाला आणू नका'. त्यांच्याशी कसं बोलू?

पाऊस सुरू झालाय. लवकरात लवकर पोचून छप्पर घालायचंय. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी कृपया सांगा.


वाशिष्ठीकाठ
२५ जून २०२०, सकाळी ७.१५

भाऊ, मी जूनच्या सुरुवातीला दोह्याहून चिपळूणला आलो. तुझं वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तिकिटाचं. नाव नोंदवलं म्हणजे नंबर लागला असं नाही. नोकरी गेलेले, व्हिसा संपलेले, गरोदर बाया, म्हातारी माणसं, आजारी, अडकलेले विद्यार्थी यांना आधी घेतात. तुझ्या अर्जात 'बिनपगारी रजा' आणि 'वादळात घराचं नुकसान, आई एकटी' हे दोन्ही स्पष्ट लिहिलंयस ना, ते तपास. लिहिलं नसशील तर वकिलातीला पुन्हा मेल कर आणि पडलेल्या घराचा फोटो जोड. आखातातून केरळला जितकी विमानं गेली त्या मानानं महाराष्ट्राला फारच कमी मिळाली, याचा राग इथे सगळ्यांनाच आहे. पण ३ जुलैपासून वंदे भारतचा चौथा टप्पा आहे, तेव्हा फोन सतत चालू ठेव. रात्रीबेरात्री अनोळखी नंबर आला तरी उचल. माझ्याबरोबरच्या एकाचा फोन हुकला, त्याची जागा पुढच्याला गेली.

विमानात बसण्याआधी हमीपत्रावर सही घेतात: उतरल्यावर चौदा दिवस विलगीकरणात राहीन, त्यातले पहिले सात दिवस सरकार सांगेल तिथे स्वतःच्या खर्चानं आणि पुढचे सात घरी. २४ मेच्या केंद्र सरकारच्या नियमात हे आहे. ते वाचून सही कर. तिकडे तू लांबच्या प्रवासाच्या गडबडीत असतोस, कागद पुढे आला की माणूस सही करून मोकळा होतो. पण तुझ्या आईच्या दृष्टीनं सगळ्या कागदांत महत्त्वाचा कागद तोच आहे.

विमान पूर्ण भरलेलं असणार हे मनाशी धरून चल. प्रत्येकाला मास्क, तोंडावरची प्लास्टिकची ढाल आणि सॅनिटायझरच्या पुड्या देतात. मधल्या सीटवाल्याला वरून अंगभर गाऊन. मी मधल्या सीटवर होतो. गाऊनमध्ये घाम, ढालीवर वाफ, आणि आत बसून फॉर्म भरायचा तोही दोन प्रतींत, एक आरोग्यवाल्यांना, एक इमिग्रेशनला. स्वतःचं पेन खिशात ठेव. आमच्या ओळीत एकच पेन सात-आठ हातांतून फिरलं. मला अजून वाटतं की सगळ्या प्रवासात धोका कुठे असेल तर तो त्या पेनात आणि उतरताना पॅसेजमध्ये झालेल्या गर्दीत होता.

मुंबईत उतरल्यावर ताप मोजतात, फॉर्म घेतात, मोबाईलवर आरोग्य सेतू अ‍ॅप आहे का बघतात. मग वेगवेगळ्या रांगा होतात. मुंबई आणि आजूबाजूच्या प्रदेशातल्या लोकांना तिथल्याच हॉटेलांत ठेवतात. बाकी जिल्ह्यांतल्या लोकांना आपापल्या जिल्ह्याला पाठवतात, एसटीनं किंवा भाड्याच्या गाडीनं, आणि पुढचं विलगीकरण तिथला जिल्हाधिकारी ठरवेल तिथे. प्रवासाचा पास व्हायला उशीर झाला तर तेवढ्यापुरतं मुंबईत हॉटेलात थांबावं लागतं, त्यासाठी थोडे भारतीय पैसे जवळ ठेव. आमची एसटी संध्याकाळी निघाली. एका सीटवर एकजण. कशेडीच्या नाक्यावर पुन्हा उतरवून नावं लिहून घेतली. दापोलीवाल्यांना खेडलाच उतरून जायचं असतं, त्यामुळे तू चालकाच्या शेजारी बसणाऱ्या कर्मचाऱ्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर रत्नागिरीपर्यंत जाऊन उलट यायची वेळ येईल.

सवलतीचं विचारलंस. गंभीर आजार, घरातला मृत्यू, गरोदरपण, दहा वर्षांखालचं मूल बरोबर असणं, अशा कारणांसाठी थेट घरी विलगीकरणाची सूट आहे हे खरं. पण समजा तुला ती मिळाली. म्हणजे काय होणार? संसर्ग झालाच असेल तर तो बहुतेकदा पाच-सहा दिवसांत वर येतो. म्हणजे ज्या आठवड्यात धोका सगळ्यात जास्त, नेमका तोच आठवडा तू ७१ वर्षांच्या मधुमेही बाईच्या घरात घालवणार. ही सूट मागू नकोस. मिळत असली तरी घेऊ नकोस. ते सात दिवस सरकारी केंद्रात किंवा लॉजवर काढणं हीच तू आईसाठी करत असलेली पहिली गोष्ट आहे.

आता खरं अवघड. तुला वाटतंय की तुझ्या विलगीकरणात जपून वागायचंय ते फक्त तू. माझा अनुभव वेगळा आहे. मी केंद्रातले दिवस संपवून घरी आलो, ओटीवरची खोली माझ्यासाठी रिकामी केली होती, दाराबाहेर स्टूल ठेवलं होतं, जेवण त्यावर ठेवायचं आणि जायचं असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी आईनं ताट ठेवलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी ताट ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. नंतर तिचा मास्क हनुवटीवर आला आणि ती 'भात अजून वाढू का' म्हणून भांडं घेऊन आतच यायला लागली. दोन वर्षांनी पोरगा घरी आलाय आणि भिंतीपलीकडे एकटा जेवतोय, हे कुठल्या आईला बघवेल? मी ओरडलो तर तिला रडू आलं. शेवटी मामाला बोलावून तिला चार घरं पलीकडे मावशीकडे पाठवलं, तेव्हा कुठे विलगीकरण खऱ्या अर्थानं सुरू झालं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की तू कुठे राहणार हे नंतर ठरव, आई कुठे राहणार हे विमानात बसायच्या आधी ठरव. एकच संडास, एकच न्हाणी, वर छप्पर अर्धं, अशा घरात दोघांनी राहून अंतर पाळणं होणार नाही. कुणालाच होणार नाही. तिला चुलत्यांकडे, शेजारी, कुठेही कोरड्या घरात ठेवता आलं तर आजच ठेव. तसंही ताडपत्रीखाली तिनं पावसाळा काढू नये.

आणि छप्पर. तू आल्यावर छप्पर घालायचं म्हणतोस. आधी केंद्रातले सात, मग घरचे सात. त्या काळात तुझ्याबरोबर पत्रे धरायला, वर चढायला कुणी येणार नाही, आणि येऊही नये. म्हणजे आज तिकीट मिळालं तरी हातात हातोडा घ्यायला जुलैचा दुसरा पंधरवडा उजाडणार. कोकणातला जुलै तुला मी काय सांगू? छप्पर तुझ्यासाठी थांबवू नकोस. तिकिटाच्या पैशांतून थोडे पैसे आत्ताच गावातल्या कुणाला पाठव आणि निदान माजघरावर पक्की झाकण करून घे. तलाठ्याचा पंचनामा झालाय का तेही विचार, झाला नसेल तर आधी फोटो काढून घे आणि मगच डागडुजी कर.


गावकीतला
२५ जून २०२०, दुपारी १.३०

मी दापोली तालुक्यातल्याच एका गावच्या ग्राम कृती दलात, म्हणजे कोरोनासाठीच्या गावसमितीत, आहे. तुमचं गाव नव्हे, पण शेजारधर्म म्हणून दुसरी बाजू सांगतो. कृपया राग मानू नका.

'परदेशातून कुणाला आणू नका' असं कुणी म्हटलं असेल तर ते चूक आहे. घर त्याचं, गाव त्याचं, त्याला यायचा हक्क आहे. पण लोक असं का बोलतात ते ऐका. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले तेव्हा आम्ही त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. वर्ग झाडले, पाण्याच्या टाक्या ठेवल्या, घरोघरी पाळ्या लावून जेवण दिलं. मार्चमध्ये वेशीवर झाडं आडवी टाकणारी काही पोरं मे महिन्यात त्याच शाळेत पाणी भरत होती. मग ३ जूनला शाळेचेच पत्रे उडाले. आज आमच्या गावात कुणाला ठेवायचं म्हटलं तर कोरडी जागा नाही. विजेचे खांब पडलेत, महावितरणची माणसं बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन राबताहेत पण वाड्या-वस्त्यांपर्यंत अजून पोचायची आहेत. पंप बंद, म्हणून बाया पुन्हा रहाटानं पाणी काढताहेत. रात्री कुणाला धाप लागली तर रुग्णवाहिकेला फोन करायला टेकडीवर जावं लागतं. अशा वेळी एखादा रुग्ण निघाला तर काय करायचं, ही भीती आहे. माणसाबद्दल आकस नाही.

तुम्ही करायचं ते असं. भावाला मध्ये घालू नका. सरपंच आणि पोलीस पाटील यांना तुम्ही स्वतः फोन करा, टॉवरमुळे लागत नसेल तर दापोलीतल्या ओळखीच्या माणसामार्फत कागदावर लिहून निरोप द्या. त्यात चार गोष्टी हव्यात: कुठल्या विमानानं येणार, पहिले सात दिवस कुठल्या केंद्रात असणार, गावात कुठल्या घरात राहणार, आणि पाणी-जेवण कोण पोचवणार. हे आधी कळलं की अर्धा विरोध तिथेच मावळतो. अचानक रात्री रिक्षातून उतरलेला माणूस बघितला की गाव बिथरतं.

राहायच्या जागेबद्दल एक सुचवतो. आपल्याकडे प्रत्येक वाडीत मुंबईकरांची बंद घरं आहेत. किल्ली शेजाऱ्याकडे असते. वादळात ज्याचं छप्पर वाचलंय आणि ज्याला स्वतःचा संडास आहे असं एखादं घर बघा, मालकाला मुंबईत फोन करून विचारा. आमच्या गावात तीन कुटुंबांनी अशी घरं दिली, एकानंही भाडं घेतलं नाही. तुम्ही त्या घरात राहा, आई तुमच्या किंवा चुलत्यांच्या घरात राहील. घर दिसेल इतक्या अंतरावर असलं तर दोघांनाही धीर राहतो.

आणि एक विनंती. चतुर्थी २२ ऑगस्टला आहे. त्याआधी हजारो लोक यायचे आहेत आणि त्यांच्यासाठी काय नियम करायचा यावरून आत्तापासून गावागावांत बैठका चालू आहेत. तुमच्यासारखा एकजण सगळं नीट सांगून, नियम पाळून आला तर पुढच्यांची वाट सोपी होईल.


परिचारिका_मंडणगड
२५ जून २०२०, रात्री ९.०५

ड्युटीवरून आत्ताच आले, थोडक्यात लिहिते.

टेस्टबद्दल. दुबईत निगेटिव्ह आलात तरी त्याचा अर्थ 'त्या दिवशी नमुन्यात विषाणू सापडला नाही' एवढाच. आज संसर्ग झाला तर उद्याच्या चाचणीत तो दिसत नाही. त्यानंतर तुम्ही विमानतळ, विमान, एसटी असा प्रवास करणार. त्यामुळे रिपोर्ट असला तरी चौदा दिवस सुटत नाहीत, आणि सध्याच्या नियमातही त्यानं सूट नाही. बोटातून रक्त घेऊन विमानतळावर जी झटपट तपासणी करत होते ती तर प्रतिपिंडांची, नुकत्याच झालेल्या संसर्गासाठी तिच्यावर विसंबू नका. इथे लक्षणं नसतील तर प्रत्येकाचा स्वॅब घेतलाच जातो असं नाही. पण ताप, खोकला, घसा, अंगदुखी, वास न येणं, यातलं काहीही वाटलं तर लपवू नका, लगेच सांगा. आधी आपल्या जिल्ह्याचे नमुने मिरजेला जायचे, रिपोर्टला फार वेळ लागायचा. आता रत्नागिरीतच प्रयोगशाळा सुरू झालीय.

एकाच संडासाचा प्रश्न 'गावकीतला' यांनी सोडवलाय, बंद घराचा मार्ग सर्वांत चांगला. तो नाहीच जमला तर तुम्ही सगळ्यांच्या शेवटी वापरायचा, बादली-तांब्या वेगळा, आणि वापरून झाल्यावर कडी, नळ, भांडं ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायचं. द्रावण अंदाजानं करू नका, जास्त झालं तर डोळ्यांना आणि श्वासाला त्रास होतो. उपकेंद्रात कुणाला तरी पाठवा, आम्ही मोजून बनवून देतो.

दुबईहून येताना दोन वस्तू आणा: पाऱ्याचा नव्हे, बॅटरीवरचा ताप मोजायचा थर्मामीटर, आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. इथे दुकानात ऑक्सिमीटर मिळणं कठीण झालंय. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली दिसला तर बोट कोरडं आणि उबदार करून पुन्हा मोजा, तरी तेच असेल तर वाट बघू नका. आशाताई रोज विचारायला येतील. त्यांना दारातूनच, मास्क लावून, खरं तेच सांगा. त्या दिवसाला कितीतरी घरं पायी फिरतात आणि वादळात त्यांच्याही घरांचे पत्रे गेलेत. वेळी-अवेळी काही लागलं तर १०४ किंवा १०७५ या हेल्पलाइनला फोन करा.

आईसाठी मात्र तुमची वाट बघू नका. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात हे उद्याच्या उद्या विचारा. वादळानंतर आमच्याकडे आलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या पावसात भिजल्या होत्या आणि त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. इन्सुलिन घेत असतील तर वीज नाही, म्हणजे फ्रीज नाही. ते माठात, ओल्या वाळूवर ठेवलेल्या डब्यात ठेवता येतं, पण थंड राहतंय का हे कुणीतरी बघायला हवं.


कोथरूडची_लीड्सहून
२६ जून २०२०, सकाळी ११.२०

मी विद्यार्थिनी, लंडनच्या विमानानं आले आणि पुण्यात हॉटेलात राहिले, त्यामुळे माझी परिस्थिती तुमच्यापेक्षा खूपच सोपी होती. तरी केंद्रातल्या आठवड्याबद्दल दोन गोष्टी सांगते. खोलीबाहेर पडता येत नाही, चादर-टॉवेल बदलायला कुणी आत येत नाही, म्हणून स्वतःची चादर, कपडे धुवायचा साबण, दोरी, पाणी गरम करायची छोटी किटली, चहा-साखर आणि सुका खाऊ हाताच्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग सगळ्यांच्या शेवटी मिळाली. दुबईच्या चार्जरची पिन इथे बसत नाही, अडॅप्टर आणा.

आणि रोज ठरलेल्या वेळी कुणाशी तरी बोला. मला वाटलं होतं, आठवडाच तर आहे. पण परदेशात महिनोन्‌महिने घाबरून काढल्यावर आपल्या शहरात येऊन खिडकीतून ओळखीचा रस्ता बघत बसणं फार जड गेलं. आजी पलीकडच्याच पेठेत होती. नंतरचे सात दिवसही मी तिच्या घरी गेले नाही, काकांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहिले. वाशिष्ठीकाठ म्हणताहेत ते अगदी पटलं.


खाडीपलीकडचा
२६ जून २०२०, रात्री ११.५५

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीनं लिहिलंत, काय बोलू? खोलीतल्या मालवणच्या मित्राला वाचून दाखवलं.

आज दापोलीला येणाऱ्या मुलाला गाठलं. आईच्या गोळ्यांचं विचारायला लावलं. ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. डब्यात पाणी गेलं होतं आणि ती वादळानंतर अर्धीच मात्रा घेत होती, 'संपल्या तर आणणार कोण' म्हणून. त्यानं आजच दापोलीतून महिनाभराच्या आणून दिल्या. इन्सुलिन नाहीये, फक्त गोळ्या आहेत.

सवलतीसाठी अर्ज करणार नाही. सात दिवस केंद्रातच राहीन.

आई चुलत्यांकडे जायला तयार नाही. म्हणते, 'घर उघडं टाकून कशी जाऊ?' गाय विकली गेली दोन वर्षांपूर्वी, आता घरात जपण्यासारखं देवघर आणि भांडीकुंडी आहेत, पण तिचा पाय निघत नाही. काय सांगू तिला?


वाशिष्ठीकाठ
२७ जून २०२०, सकाळी ६.५०

तिला उपदेश करू नकोस, काम सांग. माझ्या आईला मी 'तुझ्या जिवाला धोका आहे' म्हणालो तोवर ती हलली नाही. 'तू इथे राहिलीस तर गाव मला येऊ देणार नाही' म्हटल्यावर तासाभरात पिशवी भरली. देव चुलत्यांकडे नेऊन ठेवायला सांग, रोजची पूजा चुकत नाही म्हटलं की तिचं मन लागेल. दिवसातून एकदा घराकडे फेरी मारायला हरकत नाही, तू पोचेपर्यंत.


गावकीतला
२७ जून २०२०, सकाळी ९.४०

आमच्या दलातल्या एकाचे तुमच्या गावी पाहुणे आहेत, त्यांच्यामार्फत सरपंचांना निरोप पोचवलाय. तुमची चिठ्ठीही लवकर जाऊ द्या. रत्नागिरी जिल्ह्यात १ जुलैपासून पुन्हा कडक लॉकडाऊन आहे, दुकानं बंद राहतील. छपरासाठी ताडपत्री, दोरी, सुंभ जे काही लागणार असेल ते त्याआधी घ्यायला सांगा.


खाडीपलीकडचा
१२ जुलै २०२०, दुपारी ४.१०

मंडळी, आलो. दापोलीत केंद्रात आहे, तब्येत ठीक, ताप नाही, ऑक्सिमीटर ९८ च्या आसपास दाखवतं.

विमानात खिडकी मिळाली. पेन स्वतःचं होतं, शेजारच्या काकांनी मागितलं तेव्हा त्यांना दुसरं दिलं, मुद्दाम चार घेऊन आलो होतो. मुंबईत रांगेत बराच वेळ गेला, पण रत्नागिरीची गाडी त्याच रात्री सुटली. खेडला पहाटे उतरवलं. तिथे तहसीलची माणसं नावांची यादी घेऊन उभी होती, अंगात रेनकोट, वर पीपीई, आणि धो धो पाऊस. एकानं मला गरम चहाचा कागदी कप लांबून बाकावर ठेवून दिला. त्यांना नीट आभारही मानता आले नाहीत, गाडी लगेच निघाली. खेड ते दापोली रस्त्यावर अजून दोन्ही बाजूंना उन्मळलेली झाडं पडलेली आहेत. फोटोत बघितलं होतं, पण प्रत्यक्षात बघून छातीत धस्स झालं.

चिठ्ठी सरपंचांकडे पोचली होती. त्यांनीच आमच्या आळीतल्या एका बोरिवलीकरांना फोन केला, त्यांचं बंद घर मिळालंय. स्वतंत्र संडास आहे, विहीर आहे, आणि तिथून आमच्या घराचं अंगण दिसतं. आई २९ तारखेला देव घेऊन चुलत्यांकडे गेली. गावातल्या पोरांनी माजघरावर जाड ताडपत्री घालून दगड ठेवलेत, आत आता गळत नाही. पंचनामा झालाय, आईची सही घेतलीय.

काल आईचा फोन लागला. म्हणाली, 'तू गावात आलास की मी लांबून बघीन, जवळ येणार नाही, चुलतीनं मला शपथ घातलीय.' चुलतीला मी वेगळा फोन करून सांगितलंय की शपथेवर विसंबू नका, लक्ष ठेवा.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. माझे चौदा दिवस संपले की लगेच मागच्या बाजूचं काम काढायचंय. कौलं सध्या कुठेच मिळत नाहीत म्हणतात, म्हणून पत्रेच घालणार. समुद्र जवळ असल्यानं साधे पत्रे लवकर गंजतात. लॉकडाऊन उठल्यावर दापोली, खेड, चिपळूण यांपैकी चांगल्या जाडीचे पत्रे कुठे मिळतील? भाव वादळानंतर फार वाढलेत का?


वाशिष्ठीकाठ
१२ जुलै २०२०, संध्याकाळी ७.३०

आलास, बरं वाटलं. चिपळुणात मागणी फार आहे, पण माल येतोय. माझा मेहुणा ट्रक चालवतो, त्याला उद्या विचारून भाव आणि जाडी दोन्ही कळवतो. तू लांबी-रुंदी आत्ता मोजायला जाऊ नकोस, चुलतभावाला दोरीनं मोजायला सांग. आणि पत्रे धरून ठेवणारे जे-हुक दुप्पट घे. आमच्याकडे ज्यांनी हुकात काटकसर केली होती, त्यांचेच पत्रे पहिले उडाले.